पाहुण्याच्या अंगातली गिरकी

सन्माननीय अध्यक्ष महोदय, आवर्जून वेळ काढून आलेले प्रमुख पाहुणे, व्यासपीठावर बसलेले आपल्या गेमचे दिग्दर्शक, ज्यांना आपण सगळे कप्तान म्हणतो, चित्र, आवाज आणि चाचणी विभागातले माझे सहकारी, आणि ‘आज तरी वेळेवर येणार का’ हे विचारणं केव्हाच सोडून दिलेली तुमच्या घरची मंडळी,

निरोप देताना माझ्याबद्दल आत्ता इतकं चांगलं बोललं गेलं, की ही बाई कोण, तिला एकदा भेटायला हवं, असं मलाच वाटू लागलं. कप्तान म्हणाले, आपण एक कुटुंब आहोत. मग घरच्यासारखंच बोलते. चालेल ना?

घरच्या मंडळींसाठी आधी थोडं सांगते. लढतीच्या गेममध्ये दोघं समोरासमोर खेळतात. आपापला लढवय्या निवडायचा आणि दुसऱ्याला लोळवायचं. निवडायला जेवढे लढवय्ये असतात, त्या सगळ्यांचं मिळून रोस्टर. तो आकडा जाहिरातीत मोठ्या अक्षरांत येतो, कारण गिऱ्हाईक आधी तोच बघतं. पण एक नवा लढवय्या आणला, की त्याला जुन्या प्रत्येकाशी भिडवून बघावं लागतं. कुणावर अन्याय होता कामा नये, हे आमच्या धंद्याचं तत्त्व आहे. पडद्यावरच्या माणसांपुरतं.

आपल्या पहिल्या गेमचं रोस्टर दोन हातांच्या बोटांवर मोजण्याएवढं होतं. तेव्हा आम्ही एका शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत काम करायचो. कप्तानांना मी तेव्हा ‘ए’ म्हणून हाक मारायची. आज व्यासपीठ आहे, म्हणून ‘अहो’. त्या रोस्टरमध्ये एक बाई होती, भिंगरी. ठेंगणी, काटक, गिरकी घेऊन लाथ मारणारी. तिच्या हालचाली मी पडद्यावर बसवल्या, पण त्या माझ्या नव्हत्या. त्या माझ्या ताईच्या होत्या.

माझी ताई सिनेमात नायिकांच्या जागी उड्या मारायची. जिन्यावरून ती पडायची, टाळ्या नायिकेला. आमच्याकडे पैसे नव्हते, तरी ती आली. अंगभर खुणा चिकटवलेला तो घट्ट पोशाख घालून तिने दिवस दिवस गिरक्या मारल्या आणि आम्ही त्या कॅमेऱ्यांत पकडल्या. तिचा उजवा खांदा एकदा निखळला होता, त्यामुळे तो जरा खाली असतो. गिरकीआधी ती डावी टाच अलगद उचलते, जणू जमिनीला विचारते, निघू का? कप्तान तिला म्हणाले होते, “ताई, सिनेमावाल्यांनी तुमचं नाव कधी लावलं नाही. आम्ही लावू.” आणि लावलंही. पहिल्या दोन्ही गेमच्या शेवटी तिचं नाव आहे. पुढे तिचे गुडघे गेले. आता ती मुलांना कसरत शिकवते, खुर्चीत बसून.

तिसऱ्या गेमला मोठं रोस्टर हवं होतं, आणि पाहुणाही. पाहुणा म्हणजे दुसऱ्याच्या सिनेमातला गाजलेला नायक, काही काळापुरता आपल्या गेममध्ये लढायला आणलेला. मला पाहुण्यांचं वावडं नाही, प्रमुख पाहुण्यांनी गैरसमज करून घेऊ नये. पण काम करणारे हात तेवढेच. मग जुन्यातलं कोण जाणार? मी सरळ विचारलं. कप्तान म्हणाले, “भिंगरी जाणार नाही. माझा शब्द.” थोड्याच दिवसांत मला लढवय्यांवरून काढून मागच्या देखाव्यांवर बसवलं. “तू दमलीस, जरा निवांत काम कर,” म्हणाले. काळजी वाटली मला ती. पाहुण्याचं काम बंद दाराआड चालायचं. त्याच्या मालकांची तशी अट आहे, असं सांगितलं होतं. मी झाडं रंगवत बसले.

गेमची घोषणा झाली त्या सभागृहात मी ताईला मुद्दाम घेऊन गेले. पडद्यावर एकेक लढवय्या येत होता. भिंगरी आली नाही. शेवटी दिवे मंदावले आणि पाहुणा आला. धिप्पाड, दाढीवाला, अंगात चिलखत. लोक उभे राहिले. त्याने डावी टाच अलगद उचलली. उजवा खांदा खाली गेला. आणि तो फिरला.

ताईने माझं मनगट धरलं. “छोटे,” ती म्हणाली, “ही मी आहे.”

आजूबाजूला टाळ्या वाजत होत्या.

दुसऱ्या दिवशी मी कप्तानांच्या खोलीत गेले. ते म्हणाले, “पाहुण्याच्या मालकांनी वेळच कमी दिला. हालचाली तयार होत्या, आणि त्या कंपनीच्याच आहेत. कायद्याने काही चुकलेलं नाही.”

“ताईला एक फोन करायचा.”

“फोन केला असता तर तुला कळलं असतं, आणि तू नाही म्हणाली असतीस.”

“म्हणजे तुला माहीत होतं.”

ते टेबलावरचा माउस सरळ करत राहिले.

मी म्हटलं, “मग शेवटी तिचं नाव तरी लाव.” तर म्हणाले, त्यांच्या नायकाला दुसऱ्या कुणाचं नाव जोडायचं नाही, अशी अट आहे. ती अट मान्य करताना सही कुणी केली, हे मी विचारलं नाही. राजीनामा त्याच दुपारी दिला; गेम बाजारात येऊन स्थिरावेपर्यंत थांबले, एवढंच.

गेम उत्तम चालला. अभिनंदन, मनापासून, तुमच्यापैकी कित्येकांनी त्यासाठी रक्त आटवलंय. पाहुणाच सगळ्यांचा लाडका झाला. ताईच्या वर्गातली मुलंही त्याची गिरकी मारून बघतात. परवा मी तिथे होते. एक मुलगी फिरताना सारखी पडत होती. ताई खुर्चीतून म्हणाली, “टाच आधी उचल. खांदा सोड.” मुलीने तसं केलं आणि झकास फिरली. मग तिने विचारलं, “तुम्हाला कसं हो माहीत, तो कसं करतो ते?”

ताई म्हणाली, “बघितलंय मी.”

आजचं आमंत्रण तिलाही होतं. ती आली नाही. मी आग्रह केला नाही.

अध्यक्ष महोदय, आपण मला बोलू दिलंत. सहकाऱ्यांनो, तुम्ही माझ्या रखडलेल्या कामांवर पांघरूण घातलंत, दुखणी-खुपणी सांभाळलीत. या सगळ्याबद्दल मी ऋणी आहे. निरोपाच्या दिवशी जे बोलू नये ते बोलले असेन, कुणाचं मन दुखावलं असेल, तर मोठ्या मनाने पोटात घाला. आणि पुढे कुणी विचारलं, असं कोण बोललं, तर माझं नाव सांगा. तेवढं तरी ज्याचं त्याच्या नावावर राहू दे.

नमस्कार.