जळालेला माल पासष्ट हजारांचा

सून : आई, ऐका माझं. उत्तर साडेबहात्तर हजारच आहे.

सासू : तुझ्या गाईडात असेल. माझं पासष्ट आलंय, आणि मी तेच लिहिणार.

सून : अहो, तुमची हिशेबनीसाची परीक्षा परवावर आलीय, आणि हेच गणित दरवर्षी येतं! गोदामाला आग लागली, जळालेल्या मालाची किंमत काढा. एवढ्याशा गणितावर तासभर अडून बसलोय आपण.

सासू : एवढ्याशा? बावीस वर्षं गोदाम सांभाळतेय मी. माझा साडेसात हजारांचा माल असा हवेत जात नाही.

सून : बरं बाई, दाखवा कसं केलंत.

सासू : सुरुवातीचा माल चाळीस हजारांचा, वर खरेदी एक लाख साठ हजारांची. झाले दोन लाख. विक्री दीड लाखाची. आता नीट वाच, नफा कशावर धरलाय?

सून : खरेदी किमतीवर. पंचवीस टक्के.

सासू : म्हणजे शंभरचा माल सव्वाशेला गेला. मग दीड लाखाला विकला तो मुळात कितीचा?

सून : एक लाख वीस हजारांचा.

सासू : तुझ्या गाईडवाल्याने पंचवीस टक्के विक्रीतूनच कापलेत, शहाण्याने! दोन लाखांतून एक लाख वीस गेले, ऐंशी राहिले. पंधरा हजारांचा माल आगीतून वाचला. जळाला किती?

सून : पासष्ट हजारांचा. माहितेय मला.

सासू : माहितेय?

सून : क्लासमध्येच लक्षात आलं होतं. पण गाईड लिहिणारे सरच पेपर तपासतात, आई. म्हटलं, कशाला नसती आफत. मी याच परीक्षेला बसले तेव्हा साडेबहात्तर लिहिलं, वीसपैकी वीस मिळाले.

सासू : आणि गप्प बसलीस?

सून : बसले. तुम्हीही बसा ना! पुढच्या वर्षी वयात बसणार नाही तुम्ही. हिशेबनीस व्हायचंय की नाही? साहेब काय म्हणाले होते, विसरलात?

सासू : विसरते कशी! ‘बाई, तुम्ही पोती मोजा, आकडे आमच्यावर सोडा.’ चारचौघांत म्हणाला मेला. अंगाचा नुसता तिळपापड झाला माझा.

सून : मग त्यांचं तोंड बंद करायला तरी लिहा!

सासू : आणि उद्या त्या खुर्चीत बसल्यावर त्याने असाच चुकीचा कागद पुढे सरकवला, तर? तिथेही सही ठोकू? नाही जमायचं मला. पोती मोजत म्हातारी होईन, पण हे नाही लिहायची.

सून : वीस मार्कांवर पाणी सोडताय.

सासू : सोडलं. ऐंशी उरतात ना? पास व्हायला पन्नास लागतात, ते त्यातून काढीन.

सून : ऐंशीतून पन्नास? गेल्या खेपेला शंभरातून सत्तेचाळीस पडले होते तुम्हाला!

सासू : तेव्हा तू नव्हतीस शिकवायला. चल, पुढचं गणित वाच.