लोहकाळाला पाणी

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आदरणीय किसनराव, मुंबईहून एवढ्या लांब आलेल्या प्रमुख पाहुण्या शितलताई, व्यासपीठावरील मान्यवर, माझे सहकारी, विद्यार्थी मित्रहो, आणि पुढच्या रांगेत बसलेली माझी आई पंचफुलाबाई,

निवृत्तीच्या दिवशी माणूस एकाएकी थोर होतो, हे मघाच्या भाषणांवरून कळलं. कुणीतरी मला 'टीव्ही कलावंत' म्हणालं. आता काय सांगावं! शहाण्णव साली सेनगावजवळच्या माळावर एका मालिकेचं शूटिंग झालं. त्यात जग गिळायला निघालेला यंत्रमानव लोहकाळ, तो मी. निवड उंची पाहून झाली. अभिनय पाहिला असता तर जग आधीच वाचलं असतं. तोंडावर पत्र्याचा डबा, आवाज पुण्याच्या एका गृहस्थांचा. माझा काय तो घाम!

मी तोऱ्यात आईला सांगितलं. ती म्हणाली, "डब्यात कोनबी असंल. तुला घरचं शेरडू भेत न्हाई, तुला काहून घेतील?" तिचं मत अजून तेच आहे. हसू नका, मला फार लागलंय ते.

लोहकाळाला हरवणारी पोरगी म्हणजे या शितलताई. तेव्हा माझ्याच चौथीच्या वर्गात, तांड्यावरचं लेकरू. शेवटच्या भागात मी हात उगारायचा, हिनं किंचाळून माझं बटण दाबायचं. ही गेली आणि तांब्याभर पाणी घेऊन आली! दिग्दर्शक ओरडले, "अगं, तो दुश्मन आहे!"

"आसंना का. उन्हातून आलाय. आमच्या तांड्यावर आदी पाणी, मंग भांडण."

ती माझा डबा उचलणार, तेवढ्यात 'कट'! तांब्या पुढे केलेला तेवढा तुकडा दिग्दर्शकांनी ठेवला, तो टीव्हीवर दिसला. ना माझं तोंड दिसलं, ना पाणी मिळालं.

माफ करा, घसा बसला... अहो शितलताई, तुम्ही कशाला उठलात? शिपाई आणतील की! ऐकलंत मंडळी? म्हणतात, "सर, तवाचं राहिलंय. घ्या."

आई, काय म्हणालीस? जरा मोठ्यानं म्हण.

"आगं बया, टीव्हीतबी आसाच तांब्या धरला व्हता हिनं! म्हंजे डब्यात खरंच माझं पोरगं व्हतं की!"

पुढचं भाषण आता काही जमायचं नाही. सगळ्यांचे मनापासून आभार. माझं काही चुकलं असेल तर पोटात घाला, आणि कुणाला भांडायचंच असेल तर थोडं थांबा. आधी पाणी पितो.