नळीवरची कल्हई

आमी मूळचे देवगाव रंगारीचे, कल्हईवाले. अब्बा खांद्यावर भाता टाकून पार पिशोरपर्यंत पायी जायचे, दारोदार तांब्यापितळेची भांडी आतून चांदीवाणी पांढरी करून द्यायचे, मीबी त्यांच्याच हाताखाली शिकलो. पण मंग घरोघर स्टील आलं, ताई, आन् अब्बाचा भाता थंड झाला. काय सांगू तुम्हाला, माणूस मेलं तर लोक रडतेत, धंदा मेला तर कोणी इचारायबी येत नाय. अब्बा गेले, माझं लग्न झालेलं व्हतं, मंग इथं औरंगाबादला आलो, गुलमंडीच्या मागं एका उस्तादाच्या गॅरेजात लागलो.

तिथं जुन्या गाड्या यायच्या, पोलीस ॲक्शनच्या आधीच्या, निजामाच्या राजातल्या. माझ्याकडं सायलेन्सरचं काम, म्हंजे इंजिनातला धूर मागं नेणारी ती सगळी नळी. खोलायची, घासलेटात भिजवायची, तारेच्या ब्रशनं गंज काढायचा, काजळी खरवडायची, आन् मंग उस्ताद अळशीच्या तेलात कालवून द्यायचे तो काळा लेप लावायचा. घरी गेलो की बायको म्हणायची, आधी नाक धुवा, मंग पोरीला घ्या.

आता ती गाडी. जागीरदारसाहेबांची, हिरवी. त्यांच्या लेकीची शादी व्हती, दुल्हा त्याच गाडीतून येणार व्हता. उस्ताद दोन दिवस गावाला निघाले, म्हणले नळी साफ कर, काळी कर, बसव. साफ तर लई झक्कास झाली, मंग मला वाटलं, शादीची गाडी आन् खाली काळं? अब्बाचा हुनर हातात हाय तो कवा कामाला यायचा? भट्टी पेटवली, नवसागर मारला, कथील फिरवलं, कापसाच्या बोळ्यानं पुसलं, आन् ताई, नळीत माझं तोंड दिसाया लागलं. एकटाच रडलो, खरं सांगतो, अब्बा परत आल्यावाणी वाटलं. उस्ताद आले तवा नळी बसवलेली व्हती. त्यांनी खाली वाकून बघितलंच नाय. भरोसा व्हता ना माझ्यावर.

भांडं निस्तं चुलीवर ऱ्हातंय, इंजिनाचा ताप येगळा, एवढी अक्कल मला नव्हती. बरात गुलमंडीवर आली, गाडी बाजाच्या मागं हळूहळू, नळी तापली, आन् कथलाचे थेंब टपटप रस्त्यावर, वास, धूर. कोणतरी वरडलं आग लागली, दुल्हा शेरवानीसकट खाली उडाला, बाजा बंद. जागीरदारसाहेब आले उस्तादाच्या अंगावर. उस्ताद वाकले, नळी बघितली, माझ्याकडं बघितलं, आन् म्हणले, गलती मेरी है साहब, मैंने ही बोला था. त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. गल्लीत मात्र माझं नावच कल्हई पडलं. युसूफ कोणाला म्हाईत नाय, सत्तरी आली तरी कल्हईच.

उस्ताद जाऊन लई वर्षं झाली. मागच्या महिन्यात जागीरदारसाहेबांचा नातू तीच गाडी टेम्पोत घालून माझ्याकडं घेऊन आला. म्हणला चाचा, हॉटेलात शोभेला उभी करायचीय, नळी चमकली पायजे. मी म्हणलं बेटा, आधी चालू तर कर, आवाज ऐकू दे. तर म्हणला इंजिन कवाच काढून टाकलंय.

माझे गुडघे वाकत नायत आता, नजर गेली, छातीत काजळी बसलीय ती बसलीच. तरी बसलो घासत, दोन आठवडे. एका जोडाच्या खाचेत जुनं कथील सापडलं, ज्वारीच्या दाण्यायेवढं. माझंच ते. एक दिवस निस्ता बघत बसलो. मंग भट्टी पेटवली आन् कल्हई केली, तशीच, अब्बाची.

नातू खूश झाला. आता टिकंल ती, माझ्यामागंबी टिकंल, कोणी हसायचं नाय. पण मला काय आनंद झाला नाय बघा. वितळली तवा गाडी चालत तर व्हती, बाजा व्हता, माझ्यापायी खोटं बोलणारा माणूस व्हता. आता हिला ताप यायचाच नाय कवा.

जाऊ द्या. चहा घ्या ताई, निवला. अल्ला तुम्हाला चालतं-बोलतं ठेवो.