सहावाजे साहेबांचं लॉग-इन

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आमचे आदरणीय संचालक साहेब, व्यासपीठावरील मान्यवर, सत्कारमूर्ती, म्हणजे आमच्या संगणक विभागाचे प्रमुख, पहिल्या रांगेत बसलेल्या वहिनी, म्हणजे सत्कारमूर्तींच्या सौभाग्यवती, आणि भाषणं लवकर आटपतील या भाबड्या आशेवर दाराजवळच्या खुर्च्या पकडून बसलेल्या माझ्या सहकारी बंधुभगिनींनो,

मला आधीच बजावलंय, बाई, सहाच्या आत आवरा. कारण माझ्यामागचा हा पडदा ऑफिसच्याच संगणकावर चालतो आणि तो कोणाचीही भीडभाड न ठेवता सहाला बंद होतो. ही करणी कोणाची, हे सांगायला हवं का? वहिनी, तुमच्या यजमानांना आम्ही त्यांच्या माघारी सहावाजे म्हणतो. आज समोरासमोर म्हणून घेते.

मागच्या स्नेहसंमेलनात वहिनींनी मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "तुम्ही सगळे सहाला घरी जाता ना? मग आमचे हे कुठे असतात?" मी काहीतरी थातुरमातुर बोलून वेळ मारून नेली. पण प्रश्न काही डोक्यातून जाईना. आज त्याचंच उत्तर द्यायला उभी आहे.

आमचं ऑफिस लिफ्टचे आराखडे काढतं. अख्ख्या जगाला वरखाली न्यायची सोय आम्ही करतो, पण आम्हाला स्वतःच्या खुर्चीतून उठायचं जमत नव्हतं. संचालक साहेब बसलेत, मग आपण कसं उठायचं? म्हणून आम्ही बसायचो. आणि संचालक साहेब काचेतून बघायचे, अरे, एवढी माणसं राबताहेत, मग मी कसा उठू? म्हणून ते बसायचे. घरोघरी जेवणं निवायची. आमच्या सासूबाई तर मला पाहुणी म्हणायला लागल्या होत्या.

सहावाजे साहेबांना त्यांच्या खोलीतून कोणता संगणक काय करतोय ते सगळं दिसायचं. संध्याकाळ झाली की आम्ही तीच एक लिफ्ट पडद्यावर गोलगोल फिरवत बसायचो. आणि एका मोठ्या केबिनमध्ये पत्त्यांचा डाव रंगलेला असायचा. अध्यक्ष महाशय, आपण हसताय, म्हणजे पुढे बोलायची परवानगी आहे असं मी धरते.

तर एके दिवशी अचानक पडद्यावर अक्षरं आली. 'सहा वाजत आले. फाइल सेव्ह करा. घरी जा, कोणीतरी वाट बघतंय.' आणि थोड्या वेळाने सगळं काळंकुट्ट! केबिनमधला डावसुद्धा अर्ध्यावर राहिला. मग काय विचारता, नुसता गहजब. दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे तावातावाने संचालक साहेबांच्या केबिनमध्ये घुसलो. काम अडेल, काम अडेल, एवढा एकच घोष. तिथे बोलावून घेतलेल्या सहावाजे साहेबांनी कोणाचंही बिंग फोडलं नाही. एवढंच म्हणाले, "अडू दे. कुठे अडतं ते तरी कळेल."

आमच्यातल्या एकाला आम्ही जुगाडू म्हणतो. त्याने आपल्या संगणकाचं घड्याळ मागे फिरवून दुपारवर नेलं. तरीही सहाला पडदा गेलाच, कारण नियम त्याच्या संगणकात नव्हताच. तो होता सहावाजे साहेबांच्या खोलीतल्या मुख्य संगणकात. वर सकाळी दोन्ही घड्याळांचा मेळ बसेना, म्हणून त्याला आत शिरताच येईना. गेला बिचारा हात जोडत. साहेब शांतपणे म्हणाले, तुम्ही अजून कालच्या दुपारीच बसलाय, आधी आजच्या दिवसात या. आज हाच जुगाडू घड्याळाकडे बघत सगळ्यांच्या आधी डबा पिशवीत भरतो. आणि संचालक साहेब बाजारातून घरी फोन करून विचारतात, काकडी कडू आहे हे चाखल्याशिवाय कसं ओळखायचं?

काम मात्र कुठेच अडलं नाही.

आता वहिनींच्या प्रश्नाकडे येते. सगळ्यांवर बंधन घालताना या गृहस्थाने एकच खातं मोकळं ठेवलं होतं. स्वतःचं. सगळे नीट बाहेर पडले का, सगळं नीट बंद झालं का, हे कोणीतरी बघायला नको? आम्ही घरी जाऊन चहा पीत होतो आणि हे इथे आमचे काळे पडदे राखत बसले होते. मला हे कळलं तेव्हा, खरं सांगते, फार लाज वाटली आणि रागही आला.

मग आम्ही कट केला. साहेबांचा सहायक, जुगाडू आणि मी, अध्यक्षांच्या लेखी परवानगीनिशी. गेल्या सोमवारी सहाला साहेबांचाही पडदा गेला. साहेबांनी तारा हलवल्या, संगणक चालूबंद केला, सहायकाला हाका मारल्या. शेवटी तावातावाने केबिनमध्ये घुसले आणि म्हणाले, साहेब, काम अडेल. संचालक साहेब पिशवी काखोटीला मारून निघालेच होते. वळून म्हणाले, "अडू दे. कुठे अडतं ते तरी कळेल."

साहेब उजेडी घरी पोचले. वहिनींनीच मला फोनवर सांगितलं. दार उघडून त्या घाबरल्याच, आणि त्यांनी विचारलं, "बरं वाटत नाहीये का तुम्हाला?" सांगताना त्या हसत होत्या.

संयोजकांचे आभार, अध्यक्षांच्या सोशिकपणाचे त्याहून जास्त आभार. बोलण्याच्या भरात कोणाचं गुपित फुटलं असेल, कोणाचं मन दुखावलं असेल, तर पदरात घ्या.

बघा, मागे अक्षरं आलीसुद्धा. मान वळवू नका साहेब, तुमचीच आहेत, तुम्हाला पाठ असतील. फक्त आज शेवटची ओळ चुकीची आहे. घरी कोणीही वाट बघत नाहीये. वाट बघणारी इथे पहिल्या रांगेत पर्स घेऊन उभी राहिलीय. तिला घेऊन जा.