ट्रॅक्टरच्या तोंडावर बसवलेला माणूस

माहं नाव भाऊलाल, गाव गोंदियाकडच्या गोरेगावच्या अलीकडं, घरी थोडं धान. आमचे पुरखे माळव्यातून आले असं बा सांगे, बैल हाकत आले असतीन, पन मले बैलाचं वेड कधी नव्हतंच, मले लोखंडाचं वेड. नव्व्याण्णव साली गोंदियाच्या एका शेठकडं ट्रॅक्टरवर लागलो. शेठ मशिनी भाड्यानं दे. काँक्रीटचे मिक्सर, पानी उपसायचे मोठे पंप, माती दाबायचे रोलर. कोनाचं काम निघालं की मशीन ट्रॉलीवर चढवायची अना त्याच्या कामावर नेऊन उतरवायची, हे माहं काम. अना सुकरामचं.

सुकराम नागझिऱ्याच्या कडेच्या एका टोल्यावरचा, पाड्यावरचा म्हना, गोंड मानूस, हडकुळा. मशीन चढवनं, साखळी बांधनं, चाकाखाली लाकडाचे गुटके ठोकनं, सगळं तो करे. सात वर्षं सोबत जेवलो आम्ही. त्याच्या डब्यात चटनी, माह्या डब्यात भाजी, अना तो म्हने, भाऊलाल, तुही बायको मीठ कायले वाचवते गा, निवडनुकीत वाटाले ठेवते का?

आता लिहून घेता घेता ट्रॉलीचं तुम्ही विचारलं. काय सांगू तुम्हाले, लोक मशीन चारही बाजूंनी फिरून पाहते, ट्रॉली कोनी पाहत नाही. ट्रॉली म्हनजे ट्रॉली, असं वाटते त्यायले. धानाची ट्रॉली दोन चाकांची असते. तिच्यात कट्टे, म्हनजे पोती, भरले तं वजन सगळीकडं बसते, निघून जाते. पन रोलर एकाच जागी बसते. मागं ठेवला तं ट्रॅक्टरले जोडायचा हुक वर उचलते, मंग ट्रॅक्टरची मागची चाकं जागेवरच फिरते. पुढं ठेवला तं सगळा भार हुकावर येते अना चढावर ट्रॅक्टरचं तोंड वर उठते, पुढची चाकं जमीन सोडते. मंग तुम्ही स्टेअरिंग कितीही फिरवा, त्याचा काय उपयोग? चार चाकांची ट्रॉली आपला भार आपल्याच चाकांवर घेते, हुकावर काही येत नाही. तिले सोताचा ब्रेक पायजे, मशीन ठेवाचा पाटा जमिनीजवळ पायजे. मशीनवर वजनाची पट्टी असते, ती वाचायची अना मंग ट्रॉली जोडायची. एवढीच विद्या आहे. यासाठी कॉलेज लागत नाही. मले तेव्हाबी येत होती, हे तुम्ही नीट लिहा. मले येत होती.

शेठकडं तशी ट्रॉली होती. बुटकी, चार चाकांची, ब्रेकवाली. अंगनात उभी राहे. तिचे टायर झिजते म्हनून शेठ तिले फक्त बड्या ठेकेदारासाठी काढे. बाकीच्यायले धानाची ट्रॉली. तोंड उठते म्हनलं तं शेठ म्हने, अरे, दो आदमी आगे बिठा दे, हो गया. आमच्याकडं सगळेच असं करते, तुम्ही पायलं असन. ट्रॅक्टरच्या बोनटवर दोन मानसं बसवते, पाय बंपरवर, तोंड दाबून धरासाठी. मानसाचं वजन वापरते. गिट्टीचं वापरते तसं.

त्या उन्हाळ्यात चोरखमाऱ्याकडच्या एका कालव्याच्या पाळीवर, उंच बांधावर, रोलर पोहोचवायचा होता. मी शेठले म्हनलं, चढाव आहे, बुटकी ट्रॉली द्या. शेठनं मान वर केली नाही. इतनेसे रोलर के लिए? मी दुसऱ्यांदा म्हनलं नाही. हेबी लिहा. दुसऱ्यांदा म्हनलो असतो तं काय झालं असतं, नोकरीच गेली असती ना?

पाळीखाली आलो तं सकाळचे दहा झाले असतीन. ठेकेदाराचा मानूस वरतून हात करून राहिला होता, लवकर या, लवकर या. चढाव पाहून सुकराम खाली उतरला. मले म्हनतो, भाऊलाल, माह्यात वजनच कुठं आहे गा? वर मातीचे कट्टे पडून आहेत, दोन-चार आनतो अना पुढं बांधतो. मी म्हनलं, कट्टे बांधता बांधता अर्धा घंटा जाईन, तो वरचा बोंबलून राहिला, बस ना. तो म्हनला, बोनट तपलं आहे. मी म्हनलं, बारदाना टाक अना बस.

तो बसला.

अर्ध्या चढावर तोंड उठलं. वीतभर असन. सुकरामची पाठ माह्यासमोर वर गेली, हिरवा सदरा, अना तिच्यामागं रस्ता दिसेनासा झाला. मी घाबरून रेस सोडली. तोंड आपटलं. पाठ दिसली नाही. ट्रॅक्टर पहिल्या गेरात चालूनच राहिला होता, ब्रेकवर पाय पडेपर्यंत पुढचं चाक त्याच्यावरून गेलं होतं. आवाज झाला नाही. लोकायले वाटते आवाज होते.

पंचनाम्याचा कागद दुपारीच तयार झाला. शेठ गाडी घेऊन आला अना मले बाजूले नेऊन म्हनला, देख, वो अपनी मर्जी से बैठा था, है ना? तेच लिहिलं गेलं, मयत हा चालकाने मना केले असता स्वतःच्या मर्जीने बोनटवर बसला. मना केले असता! ज्यानं कट्टे मागितले, त्याच्यावरच चूक लिहिली अना खाली मी सही केली. त्याच्या बायकोले, फुलवंताले, भरपाईसाठी जिथं गेली तिथं हाच कागद दाखवला. बाई, तुहा नवरा अडानी होता, मस्ती करत होता, त्याले कोन काय करन? मेलेल्या मानसाचं तोंडच बंद केलं आम्ही.

तवापासून चढाव लागला की ती पाठ माह्यासमोर येते. हसू नका. दिवसाढवळ्या येते, उन्हात. मी उजवीकडं वाकून तिच्या बाजूनं रस्ता पाहतो. शेठचं काम सोडलं, धान कापाच्या साखळीवाल्या मशिनी इकडं आल्या तेव्हा घरचं सोनं मोडून त्या वाहाले सोताची बुटकी ट्रॉली घेतली, चार चाकं, ब्रेक, सगळं. पुढं कोनाले बसू देत नाही. ट्रॅक्टरचं तोंड जमिनीले चिकटून राहते आता. तरी वाकतो. गावातले पोट्टे म्हनते, भाऊलाल काका, मान अखडली का गा? मी म्हनतो हो.

फुलवंता दरवर्षी एकदा तरी भेटे, बाजारात नाही तं मोटारीत. एकच विचारे, भाऊ, त्याले कोनी बसाले लावलं होतं का? मी म्हनो, नाही बाई. नऊ वर्षं म्हनलो.

यंदाच्या रोवनीत ती आमच्याच गावच्या बांधीत, धानाच्या वावरात, परे म्हनजे रोपं लावाले आली होती. आठ-दहा बाया, गुडघाभर चिखल. मी वावराच्या काठच्या धुऱ्यावर जाऊन उभा राहिलो अना सगळ्यायच्या समोर म्हनलं, फुलवंता, मी बसवलं त्याले. तो कट्टे मागत होता. मी बस म्हनलं.

बायायचे हात थांबले. तिचे नाही थांबले. तिनं हातातली पेंढी संपवली, एक एक रोपटं, मंग सरळ झाली. म्हनली, मले ठाऊक होतं. सांगितल्याबिगर कुठं बसनारा मानूस नव्हता तो. मी म्हनलं, मंग काऊन विचारत होतीस? ती म्हनली, तू सांगावं म्हनून. मले सांगून काय करतोस आता? कागदावर सांग. त्या कागदावर तो मस्तीखोर आहे.

माफ केलं का, हे मी विचारलं नाही. ते विचाराचं माहं तोंड नाही.

म्हनून तुमच्याकडं आलो. पोलीस ठाण्यात अर्ज दिला आहे, शेठचं नाव त्यात आहे, माहंबी आहे. ठाण्यातला साहेब म्हनला, इतक्या वर्षांनी कायले उकरता, तुम्हीच अडकान. अडकीन तं अडकीन. तुम्ही हे छापा, अना फुलवंताच्या टोल्यावर मोठ्यानं वाचून दाखवा, तिले वाचता येत नाही. मले मात्र तिथं नेऊ नका.

अना आज या घटकेले कोनी कोनाच्या सांगन्यावरून ट्रॅक्टरच्या तोंडावर बसला असन, तं त्याले माहं सांगनं आहे. तू काही वजन नाहीस बाबा. उतर. ड्रायव्हर शिव्या देईन, देऊ दे. घरी जा.

(भाऊलालनं सांगितलं तसं शब्दांकन)