दहा टिक मोजा, मग वळा

नाही, पण मी म्हणतो, काय वाईट होता हो जुना बल्ब? अकरा वर्षं जळत होता बिचारा, कधी तक्रार नाही, कधी रजा नाही, रंगानं जरा पिवळट, मान्य, पण आपण तरी कुठे लागून गेलोय गोरेपान? आणि मी काय केलं? काढला! ह्या हातांनी काढला! गाडीचे सगळे काढले आणि एलईडी लावले! हसा, हसा. तुमच्या घरात कुणी व्हीआरएस घेतलेली नाही ना अजून, म्हणून हसताय.

तुम्हाला सांगतो, सगळं तिथून सुरू झालं. सातपूरला सत्तावीस वर्षं कंपनीत काढली, मेंटेनन्सला, आणि एके दिवशी कंपनी म्हणाली घ्या, मी घेतली. पंधरा दिवस झोपलो. सोळाव्या दिवशी हात शिवशिवायला लागले. मिक्सर उघडला. चालू होता, तरी उघडला. मग इस्त्री उघडली, मग दारावरची बेल उघडली, ती अजून तशीच आहे, पाहुणे कडी वाजवतात. शेवटी आमची मंजुषा, म्हणजे बायको माझी, शाळेत शिक्षिका आहे, ती म्हणाली, "अहो, आता मला उघडायच्या आत बाहेर कुठेतरी फिरून या." मी गेलो बाहेर. तिथेच चुकलं!

आमच्या शहरातल्या द्वारका चौकात फकिराचं दुकान आहे. फकिरा म्हणजे आपला गाड्यांचं वायरिंग करणारा, आहे बारीकसा, पण बोलायला लागला की समोरच्याची बॅटरी उतरते. त्याच्या काउंटरवर एक बल्ब पेटवून ठेवलेला, असा पांढराफटक, की माझ्या डोळ्यांना पाणीच आलं. मी म्हटलं, हे काय रे? तर म्हणतो, "सायेब, एलईडी हाय ही! लय भारी! करंट खात नाय, गरम व्हत नाय, उडत बी नाय." खात नाही, तापत नाही, उडत नाही? अरे, असा तर जावईसुद्धा मिळत नाही! म्हटलं दे. पार्किंगचे दे, ब्रेकचे दे, नंबरप्लेटचा दे, इंडिकेटरचे दे. तर हा म्हणाला, "इंडिकेटरचं ऱ्हाऊ द्या सायेब, त्याला काय व्हतं, त्यो फ्लॅशर..." मी त्याला वाक्य पुरं करू दिलं नाही. सत्तावीस वर्षं मेंटेनन्सला काढलेल्या माणसाला तू वायरिंग शिकवतो? दे म्हटलं ना!

एक वाक्य, हो. एक वाक्य ऐकून घेतलं असतं तर आज तुमच्यापुढे उभा राहून बोंबलत नसतो. काय वाईट होता जुना बल्ब?

आता इथे जरा थांबा, कारण ही गोष्ट खरं तर माझी नाहीच, मंजुषाची आहे. तिची बदली झाली पेठ तालुक्यात. सकाळची एसटी मिळाली तर मिळाली, नाहीतर काळीपिवळी जीप. जीप नऊ जणांची आणि आत माणसं एकोणीस. एक दिवस ती ड्रायव्हरच्या उजव्या बाजूला बसून आली. उजव्या! म्हणजे ड्रायव्हर मध्ये आणि दाराकडे आमची मंजुषा, घाटात, एक पाय बाहेर! घरी आली, पर्स ठेवली, पाणी प्यायली आणि म्हणाली, "मी गाडी शिकणार." आवाज शांत होता, पण दुसरा ग्लासही तिनं एका दमात संपवला. मला फार वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. म्हटलं, अगं, मी रिकामाच आहे, मी सोडतो रोज. दोन दिवस सोडलंही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "तुमच्या शेजारी बसण्यापेक्षा ती जीप बरी. तुम्ही गाडी चालवत नाही, समोरच्या प्रत्येक ट्रकशी भांडत जाता." घ्या!

म्हणून मग तिला शिकवायला पुंजाराम काका. आमच्याच कॉलनीत राहतात, मूळचे सटाण्याचे, एसटीचे रिटायर्ड ड्रायव्हर. त्यांचा एकच मंत्र. "ताई, घाई करानी नही. गाडी शे ही, बैलजोडी नही. इंडिकेटर द्या, दहा टिक मोजा, आरसामा देखा, मंग वळा. तीस वरीस एसटी चालवी, एक कोंबडी मरनी नही!" दहा टिक. इंडिकेटर दिला की डॅशबोर्डच्या आतून तो आवाज येतो ना, टिक... टिक... टिक... ते दहा मोजायचे. आणि आमची मंजुषा पडली गणिताची बाई! दहा म्हणजे दहा. नऊला वळणार नाही, अकराला वळणार नाही. पाच महिने शिकली. अठ्ठेचाळीसाव्या वर्षी क्लच-गिअर शिकायचं म्हणजे काय असतं, ते तिच्या गुडघ्यांना विचारा. अहो, स्वयंपाकघरातून हॉलकडे वळतानासुद्धा ओठ हलायचे तिचे. आणि मला कौतुक वाटायचं.

कौतुक वाटलं तर माणसानं गजरा आणावा, पेढे आणावेत. मी काय आणलं? एलईडी!

सोमवारी तिची टेस्ट. रविवारी ती बहिणीकडे गेलेली आणि मी म्हटलं, चला, सरप्राइज देऊ. लागलो कामाला. पार्किंगचे बसले, ब्रेकचे बसले, इंडिकेटरचे काही होल्डरमध्ये बसेनात. बसेनात म्हणजे? माझ्यापुढे बसत नाही म्हणजे काय! होल्डर कापले, तारा बाहेर काढल्या, डायरेक्ट सोल्डर मारलं. परतीचा दोरच कापून टाकला म्हणा ना. मग इंडिकेटर दिला आणि आतून आवाज आला... टिकटिकटिकटिकटिकटिक! आता शहाण्या माणसाला शंका आली असती. मी खूश! म्हटलं, वा, ह्याला म्हणतात टेक्नॉलॉजी! ते जुनं म्हातारं खोकत बसायचं आणि हे बघा कसं तरणंताठं! अगदी गाडीवरून हात फिरवला हो मी.

सोमवारी पेठ रोडला, आरटीओत. तिथपर्यंत गाडी मी नेली, आणि मी कुठला इंडिकेटर देतोय! तिचं कच्चं लायसन्स आठ दिवसांत संपणार, पुढच्या आठवड्यात शाळा उघडणार, म्हणजे ही टेस्ट गेली तर एकच सोमवार उरणार, तोही गेला तर पुन्हा पहिल्यापासून आणि पुन्हा ती जीप. ती स्टेअरिंगवर, इन्स्पेक्टर साहेब शेजारी, मी बाहेर चहाच्या गाडीपाशी, हातात कटिंग. साहेब म्हणाले असणार, पुढे जाऊन डावीकडे वळा. तिनं इंडिकेटर दिला. मला लांबून दिसला, असा फडफडत होता, जसं डोळ्यात काहीतरी गेलंय. आणि तुम्हाला सांगतो, ती मोजत होती. प्रामाणिकपणे मोजत होती. पण सात सेकंदांचं काम अडीच सेकंदांत उरकलं ना! दहा झाले. ती वळली. रस्ता अजून आलाच नव्हता! तिथे रसवंती होती.

कुणाला लागलं नाही, खंडेरायाची कृपा. एक बाकडं मोडलं, बस. पण रसवाला हातात दोन ग्लास धरून, "मॅडम, बर्फ टाकून की बिनबर्फाचा?" त्याला वाटलं गिऱ्हाईक आलं! आणि साहेब मात्र फार सभ्य. खाली उतरले, शर्टावरचं लिंबू झटकलं आणि म्हणाले, "बाई, डावीकडे वळा म्हणालो मी, पण रस्ता आल्यावर." नापास. पुढच्या सोमवारी या.

मी धावत गेलो. ती स्टेअरिंग धरून तशीच बसलेली. "मी दहा मोजले हो," म्हणाली. "खरंच दहा मोजले." आणि डोळे भरले तिचे. पाच महिन्यांत कधी रडली नव्हती, जीपमधून लोंबकळत आली तेव्हाही नाही. मग तिला काय वाटलं कोण जाणे, तिनं पुन्हा इंडिकेटर दिला. टिकटिकटिकटिक. ऐकलं. माझ्याकडे वळून बघितलं. "अहो," म्हणाली, "आता काय उघडलंत?"

अहो, धरणीनं पोटात घेतलं असतं तर मी तिथेही वायरिंग बघितलं असतं, अशी माझी जात!

तसाच फकिराकडे. तर तो खदाखदा हसला! "सायेब, तेच तर मी सांगत व्हतो! एलईडी करंट खात नाय ना, मग टिकटिक करनाऱ्या फ्लॅशरला वाटतं बल्ब गेला. लोडच नाय म्हटल्यावर त्यो घाबरून फडफड करतो." मागून मंजुषा शांतपणे म्हणाली, "आमच्या घरी आहे एक असा. लोड गेल्यापासून नुसती फडफड चाललीये." मी टायरकडे बघत म्हटलं, फकिरा, बाबा, जुने बल्ब घाल. तर म्हणतो होल्डर तुम्ही कापले, नवीन मुंबईवरून येतील, पंधरा दिस धरा. पण एलईडीचा वेगळा फ्लॅशर मिळतो, त्यो टाकला की गाडी पहिल्यासारखी सावकाश. सोमवार सकाळपर्यंत आणतो म्हणाला. आठ दिवस मी घरात एका वस्तूला हात लावला नाही. पंखा कुरकुरत होता, मी हात पाठीमागे बांधून त्याच्याकडे बघत बसायचो. काय वाईट होता हो जुना बल्ब!

सोमवार उजाडला. फकिरानं फ्लॅशर बसवला, तिथूनच थेट आरटीओ. रांगेत गाडी लागली, पुढे दोनच गाड्या, आणि मंजुषानं इंडिकेटर देऊन बघितला. दिवा लागतोय, विझतोय, अगदी सावकाश, झकास! आणि आवाज? आवाजच नाही! शांतता! नव्या फ्लॅशरमध्ये टिकटिक नसतेच म्हणे, तो इलेक्ट्रॉनिक! मी म्हटलं, अगं, डॅशबोर्डवरचा हिरवा बाण बघून मोज. तर म्हणाली, "बाण बघू, आरसा बघू की रस्ता बघू? मला देवानं दोनच डोळे दिलेत." खरं होतं. चेहरा पांढरा पडलेला तिचा, त्या एलईडीपेक्षा पांढरा. पुढे एकच गाडी उरली. आणि मग ती माझ्याकडे वळून म्हणाली, "मागे बसा."

"मागे बसून काय करू?"

"टिकटिक करा."

साहेब आले, तेच साहेब. आधी रसवंती कुठे आहे ते बघून घेतलं, मग दार उघडलं, तर मागे मी. "हे कोण?" मंजुषा म्हणाली, "मिस्टर." साहेब म्हणाले, "मिस्टरांचं काय काम गाडीत?" आणि आमची मंजुषा, गणिताची बाई, खोटं येत नाही तिला, सरळ म्हणाली, "साहेब, गाडीचा आवाज गेलाय. ते इंडिकेटर आहेत." साहेब माझ्याकडे बघतच राहिले. असं बघितलं ना... मग म्हणाले, "असं नियमात नाही." ही म्हणाली, "नाही असंही नियमात नाही, साहेब." साहेब बसले. मला वाटतं, त्यांनाच आता बघायचं होतं.

"पुढे डावीकडे वळा."

तिनं इंडिकेटर दिला. मी सुरू झालो. टिकटिकटिकटिक, म्हणजे माझी तर छातीच तशी धडधडत होती, तोंडातून तेच बाहेर पडलं! आरशात तिचे डोळे दिसले. "अहो," म्हणाली, "सावकाश." बस, एवढंच. आणि तुम्हाला सांगतो, सत्तावीस वर्षांत मी मशिनी बंद पडलेल्या चालू केल्या, चालू बंद केल्या, पण सावकाश? सावकाश मला आयुष्यात कधी जमलेलं नाही! मुठी आवळल्या. डोळे मिटले. पुंजाराम काकांची एसटी आठवली. टिक... हलू नकोस. टिक... घाई करानी नही. टिक... अरे, दोन टिकांच्या मध्ये एवढी जागा असते? एवढ्यात माणूस अख्खा मिक्सर उघडेल! टिक... टिक... टिक... टिक... सात झाले आणि घशाला कोरड पडली. आवाजच फुटेना! नुसतं फुस्स. गाडी चाललीये, रस्ता जवळ येतोय, ती आठची वाट बघतेय, दहा झाल्याशिवाय वळणार नाही ही बाई, सरळ पेठला जाईल पण वळणार नाही! मी घसा खाकरतोय, हातवारे करतोय... आणि पुढच्या सीटवरून आवाज आला. "टिक."

साहेब! खुद्द साहेब! मी डोळे उघडून बघितलं तर समोर बघत बसलेत, मांडीवर फाइल, चेहरा एकदम सरकारी. "टिक," म्हणाले. आणि दहावा आम्ही दोघांनी मिळून म्हटला. वळली. अशी वळली, जशी लोण्यातून सुरी. रस्ता होता तिथेच होता!

पास. उतरताना साहेब मला म्हणाले, "शेवटी जरा रेंगाळलात." आणि ती... ती तिथेच हसली, पाच महिन्यांनी मोकळं हसली, आणि मला वाटलं, हे बघायला मिळालं, आता कंपनी गेली तरी चालेल, एलईडी गेले तरी चालेल.

पण गेले कुठे? आता ती रोज गाडी घेऊन शाळेत जाते, साडेसहाला निघते. आणि तिच्या मागे, हो, मागेच, मी. घाटाच्या अलीकडे सहा वळणं, पलीकडे अकरा, शाळेचं फाटक, शिवाय रस्त्यात भाजी घ्यायला थांबली तर ते वेगळं. तिच्या वर्गातली पोरं मला "टिकटिक आजोबा" म्हणतात. चार महिने झाले. परवा फकिराचा फोन आला, "सायेब, होल्डर आले बघा, जुने बल्ब अन् जुना फ्लॅशर बसवून देतो, आवाज बी परत येईल." मला तर हर्ष झाला हो! फोनवर हात ठेवून तिला सांगितलं. ती वह्या तपासत होती. मान वर केली नाही.

"नको," म्हणाली. "राहू दे. आमच्या घरचा फ्लॅशर आत्ता कुठे सावकाश व्हायला लागलाय."