गव्हाच्या कोठीतली ग्वाटेमाला

नाही, तुम्हीच सांगा, मिक्सरचं भांडं हातात धरून उभ्या असलेल्या माणसाला अशी बातमी द्यावी का? जुन्नरच्या बाजारात तो दुरुस्तीवाला म्हणतोय पातं बदला, मी म्हणतोय जरा धार लावून बघ, तो म्हणतोय, सर, याला धार लावत न्हाईत... तेवढ्यात चुलतभाऊ गोरखचा फोन. हा गोरख म्हणजे बैल हरवला तरी आधी बैलाची वंशावळ सांगणारा माणूस. तो म्हणाला, "नाना, दादाभाऊला मंचरला दवाखान्यात नेलं व्हतं, पण..." आणि थांबला. गोरख वाक्य अर्धं सोडून थांबला, तिथंच मला कळलं. मिळेल त्या गाडीनं महाळुंगे पडवळ गाठलं आणि थोरल्या भावाच्या, दादाभाऊच्या देहासमोर उभा राहिलो तेव्हा ते भांडं माझ्या हातातच होतं. आता यावर रडायचं की काय करायचं?

तर दादाभाऊ. तुम्हाला सांगतो, उसाचा शेतकरी, गावच्या तंटामुक्ती समितीचा अध्यक्ष, सुपारीचं खांड तोंडात न टाकलेला माणूस. आणि त्याला नाद कसला, तर ग्वाटेमालाच्या रमचा. प्यायचा नाही हो, वाचायचा. आमचा भाचा सुदर्शन मालवाहू बोटीवर आहे, त्यानं त्या रमची एक बाटली आणून दिली आणि हा मोबाइलवर शोधत बसला. मग रोज संध्याकाळी मला फोन. "अरे नाना, जगातल्या परीक्षकांनी नव्वदच्या वर गुण दिलेत. तुझ्या वर्गात मिळतात का कुणाला?" एक परीक्षक म्हणतो मधाचा वास, दुसरा म्हणतो वाळलेल्या अंजिराचा, तिसऱ्याला त्यात जायफळ लागतं. "जायफळ रे! म्हंजे आपलं श्रीखंडच की." आणि ती रम मळीची नाही, उसाचा रस आटवून त्याच्या पाकाची, हे कळलं त्या दिवशी तर तो गुऱ्हाळावरून ओरडतच होता, की ही काकवी आहे, नाना, आपली काकवी! आपण ऊस तोडतो आणि रात्रीत कारखान्याला घालवतो, ती माणसं तोच ऊस उंच डोंगरावर, थंडीत, लाकडी पिंपात वर्षानुवर्षं निजवतात. जुनी रम, नवी रम एकमेकींत मिसळतात. एकत्र कुटुंब, म्हणायचा, फक्त वाटणी मागायला कुणी कोर्टात जात नाही.

मग मी विचारायचो, उघडायची कधी? तर म्हणायचा, "मुरू दे."

त्यानं ती बाटली धोतराच्या फडक्यात गुंडाळून गव्हाच्या कोठीत पुरली होती. का, तर आंबा अढीत पिकतो, तांदूळ जुना होईल तसा मोकळा शिजतो, लोणचं दुसऱ्या वर्षी खरं लागतं, मग हिला गव्हाची ऊब नको? उन्हाळ्यात दोघं मिळून काढायची, खिडकीपुढे धरायची, रंग बघायचा. मला शपथ घालून सांगायचा, अधिक गडद झालीय. मी मराठीचा मास्तर, मलाही गडद दिसायची. दोघांनीच प्यायची ठरलेली, पहिला घोट त्याचा, दुसरा माझा.

त्याच्या वृषालीचा साखरपुडा झाला. म्हटलं, आता? तर एवढ्या पावण्यांत टोपणभरसुद्धा वाट्याला यायची न्हाई, मुरू दे. मी मुख्याध्यापक झालो, पेढे घेऊन गेलो. पेढे खाल्ले, पाठ थोपटली... मुरू दे. करोनातून दोघंही उठलो. आतातरी? "आत्ता तर जिवंत राहिलोय, घाई काय?" म्हणजे मरणातून उठलेल्या माणसालाच घाई नाही, आणि मी मूर्ख कोठीकडे बघतोय.

मग दशक्रिया. आमच्याकडची दशक्रिया तुम्ही पाहिली असेल. सकाळच्या उन्हात घाटावर सगळा तालुका, प्रवचन, माइक, आणि श्रद्धांजलीला एक नेते, ज्यांना त्याच सकाळी अजून दोन दशक्रिया गाठायच्या आहेत. ते एक डोळा घड्याळावर ठेवून म्हणाले, "दादाभाऊ आयुष्यभर निर्व्यसनी राहिले, एक थेंब त्यांनी कधी ओठाला लावला नाही." लोकांनी माना डोलावल्या. खोटं नव्हतं हो ते. तेच तर लागलं मला.

पिंड ठेवला आणि कावळा येईना. निलगिरीवर बसलाय, मान वाकडी करून बघतोय, खाली येत नाही. आता काहीतरी इच्छा राहिली म्हणून सगळे आपापल्या परीनं कबुली द्यायला लागले. गोरख हात जोडून म्हणाला, वृषालीला आमी काय कमी पडू देणार न्हाई. कावळा गप्प. कुणी म्हणालं, मळ्यातली विहीर खोल करू. गप्प. कुणी चहाचा कप ठेवला, कुणी खारी. सगळा गाव अंदाज लावतोय आणि तिथं एकट्या मला माहितीये काय राहिलंय ते. एवढंच म्हणायचं होतं, दादाभाऊ, घरी जाऊन उघडतो. पण आत्ताच माइकवर निर्व्यसनी झालेलं, वहिनी समोर बसलेल्या, मी मुख्याध्यापक... तोंड उघडलं आणि मिटलं. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला आणि तो शिवला. गवताच्या कावळ्याला कशाचीच अडचण नसते.

घरी आलो. सुट्टीवर आलेल्या सुदर्शनला कोठीजवळ नेलं, हळूच सगळं सांगितलं. तर तो बोटीवरचा पोरगा माझ्याकडे बघतच राहिला. "मामा, रम पिंपात मुरते. बाटलीत भरली की वय थांबतं तिचं. काचेत काय मुरणार?"

म्हणजे बघा... साखरपुडा, पेढे, करोना, इतकी वर्षं ती जशीच्या तशी होती. म्हातारे फक्त आम्ही होत होतो.

आणि मागून मंगलवहिनींचा आवाज आला, "भावजी, त्या गव्हातल्या बाटलीचं म्हणताय ना?" त्या शांतपणे म्हणाल्या, "दळणाला गहू कोण काढतं या घरात? दर वेळी फडकं मीच नीट गुंडाळायची. आजच उघडा. थेंबभर त्यांच्या फोटोपुढं ठेवा, तुम्ही घ्या. मलाबी बोटभर द्या, बघू तरी एवढं काय व्हतं त्यात."

अशी बाई! आणि मी काय म्हणालो असेन? तोंडातून आपोआप निघालं, "तेरावा होऊ द्या, वहिनी."

तेरावा झाला. मग म्हटलं मासिक होऊ दे, मग वर्षश्राद्ध. तेही झालं. वहिनी पुन्हा काही म्हणाल्या नाहीत, मीही विषय काढला नाही. परवा गेलो होतो, कोठीत नवा गहू भरलाय.

बाटली उघडायची राहिली आहे.